पूर्ण थ्रॉटलला इंजिन का थांबते?

 

सेस्ना १५२ या प्रशिक्षण विमानात पंखांतल्या टाक्यांतून इंधन उतारानेच इंजिनाकडे येते आणि हवा-इंधनाचे प्रमाण वैमानिकाला हवेतही बदलता येते. मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनाला सहसा या दोन्ही सोयी नसतात. मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेनचे मिश्रण टाकीतून पुढे ढकलतो तो सायलेन्सरचा दाब.

त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला इंजिन बंद पडले, की पहिला संशय इंधन कमी पडल्याचा. इंधनाचे प्रमाण ठरवणारी मुख्य नीडल थोडी उघडावी, विमान घट्ट धरून नाक वर करावे. आवाज किंचित चढला तर प्रमाण योग्य. बसला तर नीडल आणखी उघडावी. पंख्यासमोर मात्र कोणीही उभे राहू नये!

तरीही थांबते? मग टाकीतली नळी चिरली आहे का, गाळणीत कचरा आहे का, प्रेशरची नळी निसटली आहे का, हे तपासावे. कंपनाने इंधनाला फेस येतो, म्हणून टाकीभोवती स्पंज हवाच.

मे महिन्यातल्या दुपारी जमवलेली नीडल डिसेंबरच्या सकाळी अपुरी पडते, कारण थंड, दाट हवेला इंधन जास्त लागते.