कर्करोगावरील उपचार आणि मळमळ : घरी घ्यावयाची काळजी

कर्करोगावरील औषधोपचारामुळे, म्हणजेच केमोथेरपीमुळे, अनेक रुग्णांना दिलासा मिळतो. मात्र त्यानंतरच्या मळमळीची व उलट्यांची धास्ती घेऊन काही रुग्ण पुढील फेरीस जाण्याचे टाळतात. उपचार अर्धवट राहिल्यास रोग बळावण्याचा संभव असतो. म्हणून हा त्रास किरकोळ समजणे योग्य नव्हे.

मळमळ का होते?

या औषधांमुळे आतड्यांच्या अस्तरातील पेशींतून सेरोटोनिन हे द्रव्य बाहेर पडते व मेंदूतील वमनकेंद्र उद्दीपित होते. काहींना पहिल्या २४ तासांतच त्रास होतो. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वाढतो. मुंबईत परळ येथे १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. असा रुग्ण गावी परतल्यावर हा त्रास सुरू झाला, तर त्याची काळजी घरच्यांवरच येते.

आहार व घरगुती उपाय

उलटीवरील गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घ्याव्यात. उलटी होण्याची वाट पाहू नये. घरगुती उपाय हे या गोळ्यांना पूरक आहेत, पर्याय नव्हेत.

दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. भाताची पेज, मुगाचे साधे वरण, ज्वारीच्या लाह्या असे हलके पदार्थ सोसतात. फोडणीच्या वासाने मळमळ वाढते. अशा वेळी अन्न निववून द्यावे व रुग्णास चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत बसवावे. आल्याचा लहान तुकडा किंवा पातळ लिंबू सरबत यांनी काहींना आराम पडतो. तोंड आले असल्यास आंबट व तिखट वर्ज्य करावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास किंवा रक्तातील बिंबिका कमी असल्यास आल्याचा काढा डॉक्टरांना विचारूनच द्यावा. ताकद यावी म्हणून आग्रहाने भरवू नये.

उपचारकाळात रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. त्यासाठी पाणी उकळून द्यावे, अन्न ताजे असावे. उलट्या होत असल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून घोट घोट पाजावे.

विलंब केव्हा करू नये?

दिवसभर पाणीही न टिकणे, लघवी फार कमी होणे, उलटीतून रक्त पडणे किंवा १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्रासाची कल्पना दिल्यास उलटीवरील औषध बदलता येते. ही माहिती शिक्षक व पंचायत सदस्यांनी घरोघरी पोहोचविली, तर भीतीपोटी उपचार सोडणाऱ्या रुग्णांना वेळीच आधार मिळेल.