दोन थाटाच्या मोटारी : संग्राहकानें कोणती घ्यावी?

जुनी वस्तु घरीं आणणें म्हणजे केवळ तिचें मोल देणें नव्हे. तिच्या पुढील आयुष्याची जबाबदारी पत्करणें होय. जुन्या ग्रंथांस हें जसें लागू, तसेंच जुन्या मोटारींसही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत ज्या थाटाच्या मोटारी निघाल्या, त्यांपैकीं दोन संग्राहकांच्या विशेष आवडीच्या आहेत : फोर्ड कंपनीची कॉन्टिनेन्टल मार्क टू आणि जनरल मोटर्सची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम. त्यांतील तारतम्य आम्ही येथें पाहणार आहों.

मार्क टू सन १९५५ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. मूळची कॉन्टिनेन्टल एड्सेल फोर्ड यांनीं युद्धापूर्वीं करविली होती. ती परंपरा त्यांचे चिरंजीव विल्यम क्ले फोर्ड यांनीं पुढें चालविली. किंमत सुमारें १०,००० डॉलर. तत्कालीन अमेरिकन मोटारींवर चकचकीत पट्ट्यांची व शेपटीकडील पंखांची रेलचेल असे. हिच्यावर तसलें फारसें कांहीं नाहीं. लांब नाक, बसकें छप्पर, दोन दारें, आणि मागील झांकणावर जादा चाकाच्या आकाराचा उठाव, एवढाच काय तो अलंकार. इंजिन लिंकन मोटारीचेंच, पण निवडून व तपासून बसविलेलें. १९५७ पर्यंत अशा सुमारें ३,००० मोटारी झाल्या.

कॅडिलॅकचा बाणा याच्या उलट. १९५७ सालच्या ब्रूमची किंमत १३,०७४ डॉलर होती. छत न गंजणाऱ्या पोलादाचें. दारें चार, पण मध्यें खांब नाहीं. कळ दाबतांच बैठक ठरविलेल्या जागीं सरके. आंत अत्तराची कुपी व लोहचुंबकानें चिकटून राहणारे पेले. स्प्रिंगांऐवजीं सारी गाडी कोंडलेल्या हवेवर तोललेली. १९५७ व १९५८ या दोन सालांत मिळून अशा अवघ्या ७०४ निघाल्या.

काव्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें, तर मार्क टू ही स्वभावोक्ति व ब्रूम ही अतिशयोक्ति. दोन्ही अलंकारच; रसिकानें कोणासही कमी लेखूं नये. परंतु संग्राहकास काळाचाही हिशेब धरावा लागतो. ब्रूममधील हवा गळूं लागे, उभी गाडी खालीं बसे, आणि त्रासून कित्येक मालकांनीं साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. आज ती घेणारापुढें पेंच हाच. हवेची मूळ योजना परत बसवावी, तर खर्च व काळजी अपार. स्प्रिंगा राहूं द्याव्या, तर जिच्यामुळें मोटार नांवाजली ती करामतच गेली. कुपी-पेल्यांसारखें हरवलेलें साहित्य मिळवीत बसणें तें निराळेंच.

मार्क टूला हा पेंच नाहीं. तिच्या इंजिनाचे सुटे भागही लिंकनमुळें त्या मानानें सुलभ. तथापि ती साधी दिसते म्हणून स्वस्तांत दुरुस्त होते, असें मात्र कोणीं समजूं नये. तिच्या अंगावरचे पुष्कळ भाग खास तिच्यासाठींच केलेले आहेत. म्हणून पत्रा गंजलेला नाहीं ना व कांहीं हरवलेलें नाहीं ना, हें आधीं पाहावें.

ज्यास दुर्मिळतेचा ध्यास आहे आणि ज्याच्यापाशीं पैसा, धीर व कुशल कारागीर तिन्ही आहेत, त्यानें ब्रूम खुशाल घ्यावी. मात्र साहित्य पूर्ण असेल तीच. इतरांस आम्ही मार्क टूच सुचवूं. ती रस्त्यावर फिरवितां येते, आणि मुलानातवंडांच्या हातीं चालती ठेवून जातां येते.