अपुरें खेळणें

मुलांच्या खेळण्यांची निवड आपल्या घरांतून बहुधा दुकानदाराच्या हवालीं केलेली असते. वाढदिवस जवळ आला, मुंज ठरली किंवा परगांवचे पाहुणे यावयाचे झाले, कीं एक मोठी रंगीत पेटी घरीं येते. पेटींतून निघालेली मोटार कळ दाबतांच धांवते, दिवे लावते, शीळ घालते आणि भिंतीवर आपटून आपली आपण परत फिरते. मूल पहिल्या दिवशीं टाळ्या पिटतें, दुसऱ्या दिवशीं ती आंतून कशी आहे हें पाहावयास लागतें आणि तिसऱ्या दिवशीं तिला कोपऱ्यांत टाकून रिकाम्या पेटींत जाऊन बसतें. वडील माणसें यावर हंसतात, किंवा पैसे फुकट गेले म्हणून हळहळतात. आमच्या मतें मुलाची निवड बरोबर असते. मोटारीला जें जें करतां येण्यासारखें होतें तें कारखानदारानें आधींच करून ठेवलें होतें. मुलाच्या वांट्याला केवळ पाहणें उरलें होतें. पेटीचें तसें नव्हतें. ती नाव होऊं शकत होती, दुकान होऊं शकत होती, सिंहाची गुहा होऊं शकत होती; आणि काय व्हावयाची हें ठरविणें मुलाच्या हातीं होतें.

या लेखांत आम्ही बाजू मांडणार आहों ती अशा अपुऱ्या खेळण्याची. विशेषतः लांकडी खेळण्याची, आणि तें घेऊन मुलांना मनसोक्त वावरतां येईल अशा परसाची.

काठीचा घोडा करून अंगणभर न दौडलेला मनुष्य आपल्यांत विरळा. या साध्या खेळाकडे एका मोठ्या पंडितानें गंभीरपणें पाहिलें आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनीं १९३३ सालीं लेनिनग्राड येथें मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं अगदीं लहान मुलाच्या दृष्टीनें वस्तु आणि तिचा अर्थ हीं एकमेकांस चिकटलेलीं असतात. घोडा म्हणजे समोर दिसतो तोच घोडा. काठीवर मांड टाकून मूल जेव्हां तिला घोडा म्हणतें, तेव्हां घोड्याचा अर्थ तें खऱ्या घोड्यापासून सोडवून काठीवर बसवितें. पुढें शब्दांनीं, आंकड्यांनीं आणि चिन्हांनीं विचार करावयाचा असतो, त्याची ही पूर्वतयारी होय. पण वाटेल ती वस्तु घोडा होऊं शकत नाहीं, हेंही त्यांनीं नमूद केलें आहे. टपालाच्या कार्डावर मांड टाकतां येत नाहीं, म्हणून तें घोडा होत नाहीं. तात्पर्य, खेळण्याला रूप थोडें असलें तरी चालेल, पण खेळाला लागणारा आधार त्यांत पुरेसा असावा. लांकडाचा तुकडा या कसोटीस उत्तम उतरतो. त्याला वजन असतें, तो उभा राहतो, ओझें पेलतो, आपटला तरी टिकतो, आणि आपण अमुकच आहों असा आग्रह धरीत नाहीं.

आपल्या जुन्या घरांना हें तत्त्व व्यवहारानें ठाऊक होतें. लांकडाची ठकी घ्या. ठोकळ्यांतून कोरलेली ही बाहुली. तिचे डोळे मिटत नाहींत, हात हालत नाहींत. तिला लुगडें नेसवावें, तिचे रुसवे काढावे, तिचें लग्न जमवावें, हें सारें खेळणाऱ्या मुलीनेंच करावयाचें. भातुकलीच्या चुलीवर चुरमुरे आणि गूळ यांपलीकडे बहुधा कांहीं नसतें, तरी तेथें पंक्तीमागून पंक्ति उठतात. विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. चाकांवरचा लांकडी बैल स्वतः कांहींच करीत नाहीं. त्याला झूल घालणें, शिंगें सजविणें आणि दोरीनें ओढीत घरोघर नेणें हें मुलांचें काम. आणि जेवणाचा पाट उलटा करून त्याची गाडी न केलेलें घर तर शोधूनही सांपडणार नाहीं.

लांकडी खेळण्यांचे कारागीरही आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होऊन गेले आहेत. सावंतवाडीच्या चितारआळींतील रंगीत फळें व खेळणीं प्रसिद्धच आहेत. त्यांसाठीं पांगाऱ्याचें हलकें लांकूड वापरण्याची पूर्वापार चाल आहे. कर्नाटकांतील चन्नपट्टण येथें काळ्या कुड्याच्या जातीचें लांकूड कातून त्यावर लाख चढवितात. फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी टेंकविली, कीं घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून लांकडास बसते. मग केवड्याच्या पानानें घासून तिला चकाकी आणतात. असल्या वस्तूंचा आपल्या घरांतून होणारा उपयोग मात्र शोचनीय आहे. सावंतवाडीचीं फळें दिवाणखान्यांतील काचेच्या कपाटांत बंद होतात आणि मुलांना ‘हात लावूं नका’ म्हणून बजावलें जातें. तीं मुलांच्या भाजीबाजारांत गेलीं, त्यांचे दोनचार टवके उडाले, तर कारागिराचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.

शिक्षणशास्त्रांत खेळण्याला मानाचें स्थान मिळवून दिलें तें जर्मनींतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनीं. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें त्यांनीं लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हें नांव दिलें. मुलांच्या हातीं द्यावयाच्या साधनांस ते देणग्या म्हणत. त्यांतील तिसरी देणगी म्हणजे एक लांकडी घन, आठ सारख्या लहान घनांत विभागलेला. एवढ्याशा साधनांतून खुर्ची, जिना, पूल, दरवाजा हीं सर्व उभीं राहत. प्रशियाच्या सरकारला मात्र या ठोकळ्यांतही नास्तिकपणा आणि समाजवाद यांचा वास आला! १८५१ सालीं बालोद्यानांवर बंदी आली. पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारले, आणि ती बंदी १८६० सालीं उठली. १८७६ सालच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत फ्रोबेलचीं साधनें पाहून एका अमेरिकन मातेनें तीं आपल्या मुलाला आणून दिलीं. तो मुलगा पुढें फ्रँक लॉइड राइट या नांवानें जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी झाला, आणि त्या ठोकळ्यांचें ऋण त्यानें आपल्या आत्मचरित्रांत मान्य केलें आहे. ठोकळ्यांनीं खेळलेलें प्रत्येक मूल वास्तुशिल्पी होईल असें आम्ही म्हणत नाहीं. हातानें रचलेलें मनांत खोल राहतें, एवढेंच यावरून दिसतें.

फ्रोबेलच्या पद्धतींत शिक्षकाच्या सूचनेला बरेंच महत्त्व होतें. ती बंधनें सैल करणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट या बाई प्रमुख होत. त्या स्वतः सुतारकाम शिकलेल्या होत्या. स्नेह्यांच्या घरीं सहा वर्षांच्या एका मुलानें ठोकळे, खेळणीं व कागदी खोकीं यांतून खोलीभर आगगाडी उभारलेली त्यांनीं पाहिली, आणि मुलें आपलें पाहिलेलें जग असें पुन्हां रचून समजून घेतात ही त्यांची खात्री पटली. १९१४ सालीं त्यांनीं आपली खेळशाळा उघडली. त्यांच्या ठोकळ्याचें माप ५½ इंच लांब, २¾ इंच रुंद व १ ३/८ इंच जाड असें आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट आणि रुंदी जाडीच्या दुप्पट. त्यामुळें दोन अर्धे मिळून एक पुरा, दोन पुरे मिळून एक दुप्पट, हें गणित मुलाच्या बोटांत आपोआप उतरतें. या मापावर त्यांनीं हक्क राखून ठेवला नाहीं. आपल्या गांवचा सुतारही तें खुशाल कापून देईल.

हें झालें घराच्या आंतलें. बाहेरच्या खेळाचा विचार डेन्मार्कमध्यें झाला. सोरेन्सन या उद्यानरचनाकारानें पुष्कळ क्रीडांगणें आंखलीं. पण मुलें तीं सोडून इतर सर्वत्र खेळतात असें त्याला दिसलें. टाकाऊ सामानाचें क्रीडांगण करावें ही कल्पना त्यानें १९३१ सालीं मांडली, आणि १९४३ सालीं, देश जर्मन सैन्याच्या ताब्यांत असतांना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथें ती प्रत्यक्षांत आली. तेथें घसरगुंडी नव्हती कीं झोपाळा नव्हता. फळ्या, विटा, माती, दोर आणि हत्यारें एवढेंच होतें. मुलांनीं त्यांतून घरें व बोगदे केले. देखरेखीस नेमलेले बर्टेल्सन यांचा बाणा असा होता, कीं आपण मुलांना कांहीं शिकवावयाचें नाहीं; मागतील तेव्हां मदत करावयाची. १९४६ सालीं इंग्लंडच्या लेडी ॲलन हें पाहून गेल्या, आणि लंडनमध्यें बाँबनें उद्ध्वस्त झालेल्या जागांवर मुलांचीं अशींच मैदानें उभीं राहूं लागलीं. पुढें १९७१ सालीं सायमन निकल्सन या इंग्रज शिल्पकारानें यामागचें तत्त्व सांगितलें. जागेंत सुट्या, हलवितां येणाऱ्या वस्तु जितक्या अधिक, तितकी तेथील कल्पकता अधिक.

आपल्या प्रांतांतही या विचाराची एक थोर परंपरा आहे. कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें काम आरंभिलें आणि १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर तें नेलें. परदेशी महाग साधनें आदिवासी पाड्यावर कोठून आणावयाचीं? तेव्हां खडे, बिया, पानें व माती यांचींच साधनें झालीं, आणि मूल शाळेंत येत नाहीं म्हणून शाळाच अंगणांत गेली. पैशाच्या अभावीं चांगलें खेळणें मिळत नाहीं, ही सबब त्यांनीं कायमची निकालांत काढली आहे.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगूं. घरामागें परस असलें तर त्याचा एक कोपरा मुलांच्या नांवें करावा. तेथें एक बसका माच असावा, जमिनीपासून तीन फुटांहून उंच नसावा. लांकूड सागाचें अगर बाभळीचें घ्यावें. खांब थेट मातींत पुरले तर वाळवी लागते; म्हणून जुन्या वाड्यांतल्याप्रमाणें ते दगडी तळखड्यावर उभे करून लोखंडी पट्टीनें पक्के करावे. भोंवतीं एक फूट जाडीची वाळू पसरावी. ती पडणाऱ्याला झेलते आणि खेळायलाही होते. याखेरीज मुलाला एकट्याला उचलतील अशा चारचार फुटी फळ्या, कमीजास्त उंचीचे ओंडके, दोन जुनीं चाकें, एक बादली आणि एक जुनें लुगडें दिलें कीं सामान पुरें झालें. माचाला किल्ल्याचे बुरूज किंवा जहाजाचें शीड मुद्दाम करूं नये. तो उद्यां इस्पितळ व्हावयाचा असतो. ज्यांना परस नाहीं त्यांनीं वर दिलेल्या मापाचे साठ ठोकळे, एक लांब फळी व दोन पाट एवढ्यावर भागवावें, आणि सोसायटीच्या आवारांतील एक कोपरा मुलांसाठीं चारचौघांनीं मिळून मागून घ्यावा.

सुरक्षिततेविषयीं कांहीं नियम मात्र कडक पाळावे. कठड्याच्या फळ्यांमधील फट साडेतीन इंचांहून कमी किंवा नऊ इंचांहून जास्त ठेवावी. मधल्या मापांत मुलाचें अंग जातें आणि डोकें अडकतें. फांस बसेल असा दोर कोठेंही लोंबता ठेवूं नये. खिळे आंत ठोकावे, कडा घासून गोल कराव्या, आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक सांधा हालवून पाहावा. जुनीं रंगविलेलीं दारें खेळास देऊं नयेत, कारण जुन्या रंगांत शिसें असूं शकतें व तें मुलांच्या मेंदूस अपाय करतें. बाजारच्या खेळण्यांवर जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह सक्तीचें झालें आहे. नोंदलेल्या हस्तकारागिरांस त्यांतून सूट आहे, म्हणून त्यांच्याकडून घेतांना रंग कोणता हें विचारून घ्यावें. तीन वर्षांखालील मुलांना तोंडांत मावेल असा तुकडा देऊंच नये.

एवढें झाल्यावरही खरी अडचण उरते, आणि ती लांकडाची नसून घरांतील मोठ्या माणसांची आहे. कोणी म्हणतें, मुलींनीं ठकी खेळावी, ठोकळे व हातोडी मुलांची. ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. घर मांडणें व घर बांधणें हीं दोन्हीं दोघांनाही आलीं पाहिजेत. कोणी म्हणतें, हा पसारा कोणीं आवरावयाचा? एकत्र कुटुंबांत हा प्रश्न खोटा नाहीं, आणि त्याचा भार बहुधा घरांतील एखाद्या सुनेवरच पडतो. म्हणून खेळाची जागा ठरलेली असावी, आणि तिच्याबाहेर आलेली वस्तु मुलांनींच उचलावी. पण त्या जागेंत दिवसभर खपून उभारलेलें गांव संध्याकाळीं केरसुणीच्या एका फटकाऱ्यासरशीं नाहींसें झालें, कीं आपल्या कामाला या घरांत किंमत नाहीं हा धडा मूल शिकतें. मोबाइलवरचा खेळ कोणी केरांत काढीत नाहीं. तेव्हां मूल तिकडे वळलें तर दोष त्याचा एकट्याचा नव्हे.

यावरचा उपाय आपल्या सणांतच आहे. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला होतो. अळीव पेरले जातात, मावळे उभे राहतात, वाट अडली तरी वडीलधारीं माणसें वळसा घालून जातात, आणि मुलांनीं होय म्हटल्यावांचून तो कोणी मोडीत नाहीं. अलीकडे तोही बाजारांतून तयार आणण्याची रीत पडूं लागली आहे. ती तरी आपण आपल्या घरापुरती थांबवावी. दिवाळीचे चार दिवस आपण किल्ल्याला जो मान देतों, तोच वर्षभर चार हात जागेला द्यावा, आणि रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं मुलाला विचारावें, ‘हें आज मोडायचें कीं उद्यां पुढें चालवायचें?’