चौदा दिवसांचा माग

भारतीय दंडविधानाच्या ७४व्या कलमात एक आकडा होता. १८६० पासून तो तिथे होता. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा तो १२व्या कलमात जसाच्या तसा उतरला. तो आकडा १४. न्यायालयाने सक्तमजुरीच्या जोडीला एकांतवासाची शिक्षा दिली, तर कैद्याला एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त एकटे कोंडता येत नाही, आणि दोन पाळ्यांमध्ये निदान तितकाच खंड पडावा लागतो. कैद तीन महिन्यांहून मोठी असेल, तर कोणत्याही एका महिन्यात सातच दिवस. सगळे मिळून कमाल तीन महिने.

चौदाच का, हे कायदा सांगत नाही. कलमात कारण द्यायची रीत नसते. पण ज्याने फटक्यांची आणि फाशीची शिक्षा बिनदिक्कत चालू ठेवली, त्या इंग्रज सरकारला एका रिकाम्या खोलीचीच एवढी धास्ती का वाटावी?

मला हा प्रश्न पडला तो आग्वादमुळे. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरायचे, ही आमच्याकडच्या माणसांची नेहमीची वाट. १९५५ च्या १५ ऑगस्टला याच पत्रादेवीवर आणि आमच्या रेडीजवळच्या तेरेखोल किल्ल्यावर पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यात जे पकडले गेले, त्यांतल्या अनेकांच्या नशिबी आग्वादचा तुरुंग आला. आता तिथे संग्रहालय आहे; कोठड्या स्वच्छ, भिंती रंगवलेल्या, बाहेर मांडवीच्या मुखाशी चमकणारे पाणी. तिथून परतल्यावर मी मोहन रानड्यांविषयी वाचायला बसलो.

रानडे मूळचे सांगलीचे, खरे नाव मनोहर आपटे. शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दलात गेले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला नेले, लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण रानडे आतच राहिले. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षे झटले, मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. आणि त्या कैदेतली सहा वर्षे त्यांनी एकांतात काढली होती.

सहा वर्षे म्हणजे एकवीसशे नव्वद दिवस. चौदा आणि एकवीसशे नव्वद हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मला शोध घेणे भागच पडले. कायदा लिहिणाऱ्यांना चौदा दिवसांपलीकडे काय दिसले होते?

माग अमेरिकेकडे गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या तुरुंगात १८२१ च्या नाताळात ८० कैद्यांना वेगवेगळ्या कोठड्यांत बंद केले गेले. काम नाही, बोलणे नाही, कोणाचे तोंड पाहणे नाही. हेतू वाईट नव्हता. चाबकापेक्षा हे बरे; माणूस एकटा बसेल, आपल्या मनाशी बोलेल, पश्चात्तापाने सुधारेल, अशी त्या काळच्या धर्मशील सुधारकांची प्रामाणिक श्रद्धा होती. वर्षभरात पाच जण मेले, काहींची बुद्धी गेली. गव्हर्नरने २६ जणांना माफी देऊन सोडले, उरलेल्यांना दिवसा कोठडीबाहेर काम दिले. दहा वर्षांनी फ्रान्सहून आलेल्या तोकव्हिल आणि बोमाँ यांनी हा प्रयोग तपासला आणि स्वच्छ लिहिले की हा एकांत माणसाला सुधारत नाही, मारतो.

ऑबर्नचे परिणाम दिसूनही प्रयोग थांबला नव्हता. १८२९ मध्ये फिलाडेल्फियात एक भव्य तुरुंग उघडला. तिथे काम होते, पण ते एकट्यानेच करायचे. कैद्याला कोठडीबाहेर काढताना डोक्यावर टोपडे चढवत, म्हणजे त्याने कोणाला पाहू नये आणि कोणी त्याला. १८४२ मध्ये डिकन्स तिथे जाऊन आला आणि शरीराच्या छळापेक्षा मेंदूशी चाललेला हा खेळ अधिक भयंकर आहे, असे त्याने लिहिले. कारण याचे वळ दिसत नाहीत आणि याची किंकाळी ऐकू येत नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये पेंटनव्हिल सुरू झाला. तिथे आधी एकांताची मुदत अठरा महिने होती, मग बारा झाली, मग नऊ. मुदत घटत गेली, कारण वेड लागलेल्यांची संख्या झाकता येईना.

आपले दंडविधान यानंतरचे. चौदा हा आकडा ज्यांनी लिहिला, त्यांच्या काळात ही माहिती जगभर पसरलेली होती. नेमका तोच आकडा कोणत्या कागदावरून आला, ते कलम बोलत नाही. पण कोठडीत काय होते हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातून अशी मर्यादा लिहिली जात नाही, एवढे मी ठामपणे म्हणेन.

आणि मर्यादा लिहिणाऱ्याच सरकारने १९०६ मध्ये पोर्ट ब्लेअरला सात पाकळ्यांचा तुरुंग पुरा केला. एका पाकळीच्या कोठड्यांचे तोंड पुढच्या पाकळीच्या पाठीकडे, म्हणजे समोर कोणी माणूस दिसायलाच नको. सुमारे सातशे कोठड्या, एकेकाला एकेक. सावरकरांची अंदमानातली दहा वर्षे मराठी घराला पाठ आहेत. पण त्यांच्याच वेळचे दोन बंगाली तरुण आपल्या बोलण्यात फारसे येत नाहीत. इंदुभूषण रॉयने १९१२ मध्ये कोठडीत गळफास घेतला. उल्लासकर दत्तचे मन ढासळले आणि त्याला मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात हलवावे लागले. अंदमानात कोलूला जुंपून रोज तीस पौंड खोबरेल काढायला लावत, हे आपण सांगतो. खोबरेलाचा घाणा ज्याने पाहिला आहे त्या आमच्या कोकण्याला त्या मेहनतीची कल्पना येते. पण कोलू सुटल्यावर जी रात्र सुरू होई, तिची मोजदाद कोणी ठेवली नाही.

इथून शोध एकदम पुढे उडी घेतो. साल १९७९, अमेरिकेतले मॅसॅच्युसेट्स. वॉलपोलच्या तुरुंगातल्या काही कैद्यांनी एकांत कोठडीविरुद्ध दावा लावला होता. त्यांची तपासणी करायला स्टुअर्ट ग्रासियन हे मनोविकारतज्ज्ञ गेले. जाताना त्यांच्या मनात शंका होती, आणि ती गैरही नव्हती: दावा लावलेली माणसे आपले दुखणे फुगवून सांगणारच.

घडले उलटे. ही १४ माणसे आपले दुखणे लपवत होती. आवाजाचा जरासा त्रास होतो, म्हणून उडवून लावत. फार धीर दिल्यावर एकेकाने सांगितले. नळातून पाणी वाहण्याचा आवाज सहन होत नाही. कोणीतरी आपले नाव कुजबुजते. भिंती हलतात. विचार मध्येच तुटतो, काय म्हणत होतो ते आठवत नाही. पहारेकऱ्याला फाडून टाकल्याची चित्रे मनात येतात आणि त्या चित्रांचीच भीती वाटते. एकदम स्वतःला कापून घ्यावेसे वाटते. आपण वेडे होत आहोत हे त्यांना कळत होते, आणि तेच ते कोणाला कळू देत नव्हते.

ग्रासियन यांना लक्षणांचा हा जुडगा नवा वाटला. तो दुसऱ्या कोणत्या आजारात असा एकत्र सापडत नाही. जुने कोणी काही लिहिले आहे का, म्हणून ते ग्रंथालयात शिरले आणि या साऱ्या कथेतला खरा धक्का तिथे बसला. १८५४ ते १९०९ या काळात जर्मन वैद्यांनी हेच, याच लक्षणांसह, लेखामागून लेख लिहून नोंदवून ठेवले होते. भास, भ्रम, आवाजाची असह्यता, गोंधळ. आणि माणसांत आणल्यावर बहुतेकांना पडणारा उतार. पन्नासहून अधिक वर्षांचे वैद्यकशास्त्र कपाटात पडून होते आणि जग ते विसरले होते. ग्रासियन यांनी १९८३ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. सापडलेले पुन्हा सापडले, एवढेच त्यात नवे होते. आणि मला तेच सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते.

मेंदूत काय होते याचा धागा त्याआधी कॅनडात मिळाला होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दिवसाला वीस डॉलर घेऊन डोळे-कान झाकून पडून राहायचे कबूल केले. बहुतेकांनी थोड्याच दिवसांत पैशावर पाणी सोडले, अनेकांना नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. १९७२ मध्ये पॉल जेंद्रो आणि सहकाऱ्यांनी स्वेच्छेने एकांत कोठडीत राहिलेल्या कैद्यांच्या मेंदूचे विद्युत आलेख काढले. लहरींची गती मंदावलेली आढळली. मुदत होती सात दिवस. आपल्या कलमातले महिन्याचे सात दिवस वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आमच्याकडचे जुने रापणकार आणि होडीवाले समुद्रात आपली जागा ओळखतात ती किनाऱ्यावरच्या दोन खुणांनी, डोंगराचा कडा आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून. माणसाचे मन तसेच दुसऱ्या माणसांवरून आपली जागा धरते: मी बोललो त्याला कोणी हुंकार दिला, माझ्या भीतीला कोणी हसले, म्हणजे मी शुद्धीवर आहे. खुणा गेल्या की आपण वाहवत चाललो आहोत, हेही कळत नाही.

आता पुन्हा भारतात, १९७८ मध्ये. सुनील बत्रा नावाचा, खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेला तिहारचा कैदी. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम करायची होती, पुढचे दरवाजे उघडे होते. पण शिक्षा सुनावल्याबरोबर त्याला वेगळ्या कोठडीत टाकले गेले. त्याने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. २३ जानेवारी १९७८ रोजी सरन्यायाधीश बेग आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर, कैलासम स्वतः तिहारमध्ये जाऊन कोठडी पाहून आले. न्यायाधीश पुस्तक मिटून तुरुंगात जातात, हे आपल्या न्यायालयीन इतिहासात फार थोड्या वेळा घडले आहे.

तुरुंगाचे म्हणणे होते की हा एकांतवास नव्हेच. १८९४ च्या कारागृह कायद्याचे कलम ३० सांगते की फाशीच्या कैद्याला इतरांपासून वेगळे ठेवावे. आम्ही वेगळे ठेवले. इथे चोर सापडतो. न्यायालयाने ठोठावलेल्या एकांताला चौदा दिवसांचे कुंपण आहे. पण तुरुंगाने त्याच खोलीला सुरक्षा म्हटले, बंदोबस्त म्हटले, की कुंपण नाहीसे. यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी ३० ऑगस्ट १९७८ रोजी निकाल दिला. कलम ३० तुरुंगाला एकांतवास लादायचा अधिकार देत नाही. तो फक्त न्यायालयाचा. आणि दयेच्या अर्जापर्यंतचे सगळे मार्ग संपेपर्यंत माणूस त्या कलमापुरता ‘फाशीचा कैदी’ नाहीच. दोनच वर्षांनी राजस्थानातल्या किशोर सिंगच्या प्रकरणात पुन्हा तेच निघाले: उद्धटपणा आणि तुरुंगात भटकणे अशा कारणांवरून आठ ते अकरा महिने एकांत.

आपल्या महाराष्ट्रात येरवडा, आर्थर रोड, नागपूर इथल्या ‘अंडा सेल’ची, म्हणजे कडेकोट बंदोबस्ताच्या कोठड्यांची, नावे सर्वांना माहीत आहेत. नव्वद टक्के अपंग असलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा नागपूरच्या अंडा सेलमध्ये राहिले. उच्च न्यायालयाने त्यांना दोनदा निर्दोष ठरवले, शेवटी मार्च २०२४ मध्ये. ऑक्टोबरात ते गेले. त्यांना एकांतवासाची शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिली नव्हती.

निर्दोष माणसाचे उदाहरण देणे सोपे आहे, म्हणून मी त्यावर थांबणार नाही. बत्रा खुनी होता. कसाबही आर्थर रोडच्या खास कोठडीत चार वर्षे होता आणि त्याच्याबद्दल कोणाला कणव वाटावी अशी माझी अपेक्षा नाही. तुरुंगाधिकाऱ्यांची अडचणही खरी आहे: काही कैदी इतरांना मारतील, काहींना इतर मारतील, त्यांना वेगळे ठेवावेच लागते. पण दुसऱ्या कैद्यांपासून वेगळे ठेवणे आणि माणसांपासूनच तोडणे यांत अंतर आहे. वेगळ्या कोठडीतल्या कैद्याशी शिक्षक बोलू शकतो, डॉक्टर बसू शकतो, घरच्यांची भेट होऊ शकते, समोरच्या कोठडीशी बुद्धिबळाचा डाव मांडता येतो. न्यायालय कैद देते, क्वचित मृत्यू देते. वेड लागावे अशी शिक्षा आपल्या कोणत्याच कायद्यात नाही. ती कोठडी देते, कोणाच्या सहीशिवाय.

संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१५ मध्ये मंडेला नियम स्वीकारले. दिवसाचे बावीस तास किंवा अधिक, अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय, म्हणजे एकांतवास. आणि सलग पंधरा दिवसांपलीकडचा एकांतवास निषिद्ध. पंधरा. आमच्या १८६० च्या कलमात चौदा होते. भारताच्या विधी आयोगाने तर १९७१ मध्येच ही शिक्षा दंडविधानातून काढून टाका, असे सुचवले होते. ती काढली गेली नाही.

कारागृह कायद्याच्या २९व्या कलमाने मात्र कामाची अट घालून ठेवली. एकांत कोठडीतून कैद्याला केव्हाही अधिकाऱ्याशी संपर्क साधता आला पाहिजे, आणि चोवीस तासांहून जास्त काळ आत असलेल्याला डॉक्टरने रोज एकदा तरी पाहिले पाहिजे. बत्राने १९७९ मध्ये दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा आणि सत्र न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, कैद्यांसाठी तक्रारपेट्या ठेवाव्यात, असा आदेश दिला. तो आदेश ओरोसला बसणाऱ्या आमच्या जिल्हा न्यायाधीशांनाही लागू आहे. कोणत्याही कारणाने, कोणत्याही नावाखाली एकट्या ठेवलेल्या प्रत्येक कैद्याचा आजचा कितवा दिवस, आणि काल डॉक्टर त्याच्याशी काय बोलले, हे दोन प्रश्न त्या भेटीत विचारायला नवा कायदा लागत नाही.