चिमूटभर धूर, बिननावाचा माल



आज विषय व्हिस्कीचा आहे. पिण्याचा नाही, धंद्याचा. त्यामुळे घाबरू नका.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. तिथल्या काही सिंगल माल्ट नाकाशी नेल्या की पहिल्यांदा दवाखानाच आठवतो. टिंक्चर आयोडीन, बँडेज, विझलेली चूल आणि खारा वारा. आपल्याकडे सुके बोंबील भाजायला घेतले की शेजारी खिडक्या लावतात आणि घरातले ताट घेऊन बसतात, तसंच या चवीचं आहे. मधलं गिऱ्हाईक फार कमी.

हा वास येतो पीटमुळे. दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून दबलेलं शेवाळ आणि झुडपं म्हणजे पीट. त्याच्या विटा कापायच्या, गोवऱ्यांसारख्या वाळवायच्या आणि जाळायच्या. बेटावर झाडं कमी, कोळसा बाहेरून आणायचा, मग सरपण हेच. मुख्य भूमीवर रेल्वेने कोळसा पोचला तसा तिथल्या बऱ्याच कारखान्यांतला धूर कमी झाला. बेटावर तो राहिला. आज आपण ज्याला यूएसपी म्हणतो, ती मुळात अडचण होती बघा.

बार्ली भिजवून तिला मटकीसारखे मोड आणतात. ते थांबवायला ती जाळीवर पसरून वाळवतात आणि दाणा ओला असतानाच खालून पीटचा धूर देतात. जाळ नको, धुमसणं हवं. ओल्या टरफलाला धुरातली फिनॉल्स चिकटतात. दाणा सुकला की धूर फारसा धरत नाही, म्हणून सगळा खेळ सुरुवातीच्या तासांचा.

हा धूर पीपीएममध्ये मोजतात. लागावुलिनच्या माल्टमध्ये साधारण ३५, आर्डबेगच्या ५५, आणि ऑक्टोमोरच्या एका आवृत्तीत तर ३०९! पण हा आकडा माल्टचा आहे, बाटलीचा नाही. बराच धूर चोथ्यात आणि उरलेल्या पाण्यात जातो. भट्टीतून धार पडताना फिनॉल्स उशिरा उतरतात, त्यामुळे धार कुठे तोडायची यावर चव ठरते. लागावुलिन आणि काओल ईला या दोघांचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो, पीपीएमही जवळपास सारखा. तरी एक जड, दुसरी हलकी. भांड्याचा आकार, ते किती भरलं, धार कधी तोडली, फरक तिथे पडतो. पुढे लाकडी पिंपात वर्षं जातील तसा धूर मवाळ होत जातो.

आता धंद्याकडे येऊ. विसाव्या शतकात यातला बहुतेक माल स्वतःच्या नावाने विकलाच जात नव्हता. तो मोठ्या कंपन्यांच्या ब्लेंडमध्ये जायचा, आमटीतल्या हिंगासारखा चिमूटभर. ऐंशीच्या दशकात ब्लेंडची मागणी घसरली, गोदामं भरलेली होती. मग हिंग कोणाला हवा? १९८१ मध्ये आर्डबेग बंद, १९८३ मध्ये पोर्ट एलन बंद. आर्डबेग १९८९ मध्ये थोडंफार चालू झालं आणि १९९६ मध्ये परत बंद.

मला हे वाचताना माझाच काळा मसाला आठवला. एका केटररला तो मी तीन वर्षं बिननावाच्या पाकिटात देत होते. त्याने आचारी बदलला आणि ऑर्डर थांबली. मी काय केलं? मसाला जहाल असेल म्हणून मिरची कमी केली! दुकानातली जुनी गिऱ्हाइकंही नाराज झाली.

आर्डबेगने हे केलं नाही. १९९७ मध्ये ग्लेनमोरांजीने ते सुमारे ७० लाख पौंडांना घेतलं, धूर तसाच ठेवला आणि जुन्या पिंपांतला माल आर्डबेग याच नावाने बाटल्यांत भरला. त्याआधी, १९९४ मध्ये, शेजारच्या लाफ्रॉइगने गिऱ्हाइकांना कारखान्याजवळची एक चौरस फूट जमीन आयुष्यभराच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. भाडं उलट कंपनीच देणार: तिथे गेलात की एक पेग. पुढे त्यांनी नावं ठेवणाऱ्यांची वाक्यंसुद्धा जाहिरातीत वापरली.

एक मात्र सांगते, याला नुसती हिंमत पुरत नाही. दहा वर्षांची व्हिस्की म्हणजे दहा वर्षं पैसा पिंपात. आर्डबेगच्या मागे मोठी कंपनी होती. तुमच्या-माझ्यासारख्याने पहिल्या दिवशी बिननावाची ऑर्डर नाकारली तर भाडं कोण भरणार? मी केटररना माल अजूनही देते. फक्त पाकिटावर दुकानाचं नाव असतं आणि मिरची परत पूर्वीइतकी आहे.

आणि पोर्ट एलन? ते बंद पडल्यावर तिथला उरलेला माल दरवर्षी कमी होत गेला आणि बाटल्यांची किंमत वाढत गेली. ज्या दारूला ब्लेंडमध्येही जागा उरली नव्हती, तिच्यासाठी लोक लिलावात बोली लावू लागले. २०२४ मध्ये, ४१ वर्षांनी, तिथली भट्टी पुन्हा पेटली.