फांदी कापते की चिरडते?

पाऊस सरला की गुलाबाची छाटणी निघते आणि घरातली कागद कापायची कात्री कुंडीपाशी पोहोचते. फांदी तुटते खरी, पण टोक चेंबतं आणि काही दिवसांत काळं पडून वाळत खाली उतरतं. असं का होतं?

सालीच्या लगेच आत जिवंत पेशींचा पातळ थर असतो. जखम भरायची ती त्यानेच. पातं बोथट असलं किंवा फांदी त्याला झेपत नसली, तर या पेशी कापल्या न जाता चिरडतात. चिरडलेला भाग मरतो, ओल धरतो आणि तिथून बुरशी आत शिरते.

छाटणीच्या कात्र्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीत धारदार पातं आकड्यासारख्या दुसऱ्या पात्याला घासून पुढे सरकतं. हिरव्या फांदीला हीच घ्या. दुसरीत पातं सपाट पट्टीवर येऊन टेकतं, पाटावर भाजी चिरावी तसं. ओली फांदी त्यात दबते. ही कात्री वाळक्या काटक्यांपुरतीच बरी. पहिलीतही आकड्याकडची बाजू थोडी चेपतेच. म्हणून धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवायचं. दुकानदार हे सहसा सांगत नाही!

अंगठ्याहून जाड फांदीवर कात्री पिळू नका, छाटणीची करवत घ्या. रोगट फांदी कापल्यावर पातं ७० टक्के स्पिरिटने पुसा. चार कुंड्यांसाठी अवजारांचा अख्खा संच नको. पहिल्या प्रकारची एक चांगली कात्री पुरते.