स्ट्रॉबेरी तीच, रेसिपी तीच, मग जॅमची बॅच वेगळी का?

डिसेंबर उजाडला की आपल्या पिंपळे सौदागरमध्ये कोकणे चौकापासून सोसायट्यांच्या गेटपर्यंत स्ट्रॉबेरीच्या डब्या दिसायला लागतात. घरगुती जॅम, क्रश, मिल्कशेकचा धंदा करणारे बरेच जण मला विचारतात, "सर, रेसिपी बदलली नाही, तरी मार्चमधला जॅम पातळ का येतो?"

मित्रांनो, याचं अर्धं उत्तर महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतात आहे. साधारण १,३५० मीटर उंची, तांबडी माती, दिवसा ऊन आणि रात्री चांगलीच थंडी. २०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. पानं दिवसा उन्हात साखर बनवतात. रात्र थंड असेल तर झाड श्वसनात त्यातली कमी साखर खर्च करतं आणि फळही सावकाश पिकतं, म्हणजे साखर भरायला दिवस जास्त मिळतात. ऊन चांगलं मिळालं तर क जीवनसत्त्व आणि लाल रंगद्रव्यही वाढतं.

आता गंमत बघा. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही झाडं दिवसा १८ आणि रात्री १२ अंशांवर वाढवली, काही ३० आणि २२ अंशांवर. उष्ण हवेतल्या फळांचा रंग जास्त गडद आला, पण साखर, आंबटपणा आणि क जीवनसत्त्व तिन्ही कमी भरलं. आणि आपण काय करतो? लालभडक डबी दिसली की उचलतो! मंडईत रंगावर भाव ठरतो, तुमचा नफा मात्र साखरेवर ठरतो.

तोडणीआधी पाणी जास्त झालं किंवा अवकाळी पाऊस आला तर फळ फुगतं आणि चव पातळ होते. नत्र जास्त दिलं तर फळ मऊ पडतं, वाहतुकीत टिकत नाही. आणखी एक, स्ट्रॉबेरी केळ्यासारखी घरी ठेवून गोड होत नाही. तोडल्यावर रंग थोडा चढेल, साखर वाढणार नाही. (वनस्पतिशास्त्रात स्ट्रॉबेरी 'बेरी' नाहीच म्हणे, द्राक्ष मात्र आहे. असो.)

आता पैशाचं बोलू. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात. समजा १० किलो फळ आणि ६ किलो साखर घेतली. फळाचा ब्रिक्स ६ असेल तर फळातून ६०० ग्रॅम घन मिळाले, म्हणजे एकूण ६.६ किलो. जॅम बनला साधारण १०.१५ किलो. ब्रिक्स ९ असेल तर एकूण ६.९ किलो आणि जॅम १०.६ किलो. तेवढ्याच फळात, तेवढ्याच साखरेत साडेचारशे ग्रॅम जास्त, शिवाय आटवायला गॅस कमी. महिन्याला वीस बॅच करणाऱ्याने स्वतःच गुणाकार करावा.

पातळ जॅमचं कारणही इथेच आहे. स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी, फळ जास्त पिकलं की आणखी कमी. त्यात आंबटपणा घटला की जॅम धरत नाही. तेव्हा लोक साखर वाढवतात. ते करू नका. लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड आणि गरजेप्रमाणे पेक्टिन घाला, पीएच ३ ते ३.३ च्या आसपास ठेवा.

हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, फार महाग नसतो. फळ चिरडून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. प्रत्येक क्रेटमधली पाच-सहा फळं तपासा, एकाच फळावर जाऊ नका. वहीत तारीख, शेतकऱ्याचं गाव, जात आणि ब्रिक्स लिहा. व्यापाऱ्याला विचारा, "तोडणी कधीची? पाऊस झाला होता का?" जास्त ब्रिक्सचा माल जॅमला आणि ताज्या क्रीमसोबत विकायला ठेवा. कमी ब्रिक्सचा माल मिल्कशेकला चालतो, तिथे साखर आपण घालतोच, पण तो त्या भावातच घ्या.